पंधरा दिवसांचा कार्यभार

माझ्या आयुष्यातले पंधरा दिवस सहा वर्षं चालले, आणि अजून संपलेले नाहीत. त्यांची सुरुवात एका गुरुवारी सकाळी झाली. मी तासाला निघालो होतो. हातात खडू, काखेत गुंडाळलेला नकाशा, आणि विभागाच्या दारात कुलसचिव कार्यालयातले शिपाईकाका पाकीट घेऊन उभे. पाकिटात एका पानाचा आदेश होता. विद्यापीठाच्या आस्थापना विभागाचे उपकुलसचिव निवृत्त झाले आहेत. नवीन नेमणूक होईपर्यंत, अंदाजे पंधरा दिवस, भूगोल विभागातल्या सहयोगी प्राध्यापकांनी, म्हणजे मी, त्यांच्या पदाचा अतिरिक्त कार्यभार सांभाळावा.

"आस्थापना म्हणजे नेमकं काय करायचं असतं हो काका?" मी विचारलं.

"काय न्हाय सर, सह्या करायच्या," काका म्हणाले. "पंखा चांगला हाय तितं."

सोलापुरात मार्च अर्धा सरल्यावर एखाद्याला चांगला पंखा आहे म्हणून सांगणं ही लहान गोष्ट नव्हे. मी गेलो.

गुरुवारी सकाळी काकांनी मला सर म्हटलं होतं. शुक्रवारी सकाळी त्याच काकांनी मला साहेब म्हटलं. आमच्याकडे माणसांची विभागणी सोपी आहे. शिकवणारे ते सर, न शिकवणारे ते साहेब. बाईमाणसाला तेवढी सोय आहे, इकडेही मॅडम आणि तिकडेही मॅडम. सर लोक साहेबांना कारकुनी डोक्याचे म्हणतात, साहेब लोक सरांना दोन तासांचे पाहुणे म्हणतात, आणि निम्म्याअधिक सरांना मनातून साहेब व्हायचं असतं, कारण साहेबाच्या टेबलावर बेल असते. बेल वाजवली की माणूस आत येतो. वर्गात मी वीस वर्षं घसा कोरडा करत होतो, तिथं बोलावूनही कुणी यायचं नाही. खोटं कशाला बोलू, मला ती बेल फार आवडली.

या दोन बाजूंमधला रस्ता मात्र मजेशीर आहे. सराचा साहेब करायला एका पानाचा आदेश पुरतो. परीक्षा नाही, मुलाखत नाही, अनुभव तर नाहीच नाही. ज्या माणसाला घरचं वीजबिल सापडत नाही त्याच्या ताब्यात दोन दिवसांत सगळ्या विद्यापीठाची सेवापुस्तकं देतात. साहेबाला परत सर व्हायचं असेल तर अर्ज लागतो, अर्जावर विभागाचा अभिप्राय लागतो, अभिप्रायावर टिपणी लागते. आणि कारकुनाला सर व्हायचं असेल तर? तसं काही असू शकतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. फक्त माझ्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या वरिष्ठ सहायक मॅडमच्या डोक्यात होतं.

या मॅडम माझ्याच विद्यार्थिनी. एम.ए.च्या वर्गात मी सर्वेक्षण खात्याचे तपशीलवार नकाशे शिकवायचो. पहिल्या तासाला एकच काम असायचं: नकाशात आपलं गाव शोधा. सगळ्यांची बोटं रस्त्यांवर, ओढ्यांवर, देवळांच्या खुणांवर फिरत होती. ही एक मुलगी निळ्या रंगाच्या मधोमध बोट ठेवून बसली होती.

"अगं, ते पाणी आहे. उजनी धरणाचा फुगवटा आहे तो," मी म्हणालो.

"व्हय सर. आमचं गाव त्याच्या खालीच हाय. काठावर हाय ते नवीन. तुमी आपलं गाव शोधा म्हणालात की."

वर्ग हसला. मी नाही हसलो. त्या वर्षी मला वाटलं होतं, ही मुलगी भूगोलाची शिक्षिका होणार. पण वडील फुगवट्याच्या काठानं लोकांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत हिंडायचे, घरी नोकरीची घाई होती, आणि शिक्षकाच्या जाहिरातीआधी लिपिकाची जाहिरात निघाली. मुलगी लिपिक झाली. मग नोकरी करत सेट पास झाली. मग सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या मोटारसायकलवरून काठाची गावं पालथी घालून पाण्याखाली गेलेल्या गावांवर पीएच.डी. केली. पीएच.डी. झाल्यावर हजेरीपटावर नावाआधी डॉ. लावावं असा अर्ज त्यांनी दिला होता. 'सदर पदासाठी ही अर्हता आवश्यक नसल्याने' तो नाकारला गेला. खाली सही माझ्या आधीच्या साहेबांची होती, हे मी मुद्दाम फाईल काढून पाहून घेतलं.

आता उलटं झालं. त्या मला शिकवायला लागल्या. माझी पहिली टिपणी त्यांनी हळूच परत आणली.

"सर, 'मला वाटते' असं नसतंय लिहायचं. फायलीला काई वाटत नसतंय. 'असे दिसून येते' म्हणायचं."

टिपणी म्हणजे फाईलच्या डाव्या बाजूला लिहायचा मजकूर. सगळ्यात खालच्या टेबलावर जे लिहिलं जातं ते एकेका टेबलावरून वर चढत जातं, आणि प्रत्येक साहेब त्याखाली 'सहमत' लिहून सही करतो. मला आधी वाटायचं, विद्यापीठ कुलगुरू चालवतात. मग कळलं, ज्यानं टिपणीची पहिली ओळ लिहिली तो चालवतो, कारण वर ती कुणीच वाचत नाही.

मीही वाचायचो नाही. आमच्याकडे सही घ्यायची एक पद्धत आहे. काका डाव्या बाजूला उभे राहतात आणि कागदाचा खालचा कोपरा तेवढा वर उचलतात. साहेबाला सहीची जागा दिसते, मजकूर दिसत नाही. साहेबाचा वेळ वाचतो. चहा निवायच्या आत पन्नास सह्या उरकण्याचा काकांचा लौकिक होता, आणि त्यांच्या मते आजवरच्या सगळ्या साहेबांत माझा हात चांगला चालायचा. प्राध्यापक म्हणून माझं इतकं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं.

एकच गोष्ट मी स्वतःच्या अकलेनं केली. दरवर्षी उन्हाळ्यात कर्मचाऱ्यांचे विनंती अर्ज यायचे. कुणाला विभाग बदलून हवा, कुणाला मूळ पदावर परत जायचं. सगळ्यांना एकच उत्तर छापून ठेवलेलं होतं: आपली विनंती मान्य करता येत नाही. मला ते फार कोरडं वाटलं. शेवटी मी मास्तर माणूस. मी त्यात एक शब्द घातला. 'कार्यालयीन कामकाजाची निकड विचारात घेता आपली विनंती तूर्तास मान्य करता येत नाही.' तूर्तासमुळे माणसाला आशा राहते, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. ते वाक्य इतक्या वेळा टाईप झालं की काकांनाही पाठ झालं. मी त्या तूर्तासवर खूश होतो. आज लाज वाटते, पण होतो.

सहाव्या वर्षी मला एक भीती बसली. भूगोल विभागानं एम.ए.च्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासायला पाठवला होता. कागदोपत्री मी अजून त्यांचाच होतो. मी दोन बैठकांच्या मध्ये बसून सगळा तपासला आणि परत पाठवला. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांचा फोन आला. मी एकाही उत्तराला गुण दिले नव्हते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून छोटी सही केली होती. एका मुलानं मान्सूनच्या वाऱ्यांवर चार पानं लिहिली होती, त्याखाली मी 'चर्चा करावी' असा शेरा मारला होता.

विभागप्रमुख हसले, मीही फोनवर हसलो. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही. मी खिडकीतून समोरच्या इमारतीकडे पाहत बसलो. तिथं दुसऱ्या मजल्यावर माझा वर्ग होता, आणि मला तो हवा होता. मग ठरवलं, पुरे झालं. मूळ पदावर, वर्गावर परत पाठवावं असा अर्ज दिला.

त्याच आठवड्यात भूगोलाच्या सहायक प्राध्यापकाची एक जागा निघाली. बारा वर्षांनी निघाली होती. मॅडमनी जाहिरातीची प्रत माझ्या टेबलावर ठेवली. मुलाखतीला कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र दाखवावं लागणार होतं. ते नसेल तर दारातूनच परत.

"सर, ही गेली तर पुढली निघंस्तोवर मी निवृत्त व्हईन," त्या म्हणाल्या.

"अहो, काळजी कसली करता? प्रमाणपत्रावर सही कुणाची? माझी. तुमची फाईल काय नि माझी फाईल काय, जाणार कुठं?" मी म्हणालो. खुर्चीत रेलून म्हणालो, हेही आठवतं.

आता आमच्याकडे एक नियम आहे, आणि तो चांगला आहे: स्वतःच्या अर्जावर स्वतः टिपणी लिहायची नाही. एरवी सगळ्या अर्जांवर मॅडम लिहायच्या. या वेळी त्यांचा स्वतःचाच प्रमाणपत्राचा अर्ज त्यात होता, म्हणून त्यांनी सगळा गठ्ठा नव्यानं रुजू झालेल्या कनिष्ठ लिपिकाकडे सोपवला. या गृहस्थानं आधी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंग सांभाळलं होतं. काम झटपट आणि एकसारखं करायची सवय होती. त्यानं कपाटातल्या जुन्या फायली उघडून पाहिल्या. प्रत्येक विनंती अर्जावर एकच उत्तर दिसलं. त्यानं एका दुपारी सगळ्या गठ्ठ्याला तेच लावून टाकलं. कोणता अर्ज कुणाचा, हे बघायची त्याला गरज वाटली नाही. काकांनी कोपरे उचलले. मी फोनवर कुणाशी तरी उन्हाबद्दल बोलत होतो, आणि बोलता बोलता चहा निवायच्या आत गठ्ठा संपवला.

पाच दिवसांनी भूगोल विभागाचा शिपाई आला. "सर, तुमचं पत्र हाय. हितं सही करा मिळाल्याची." मी सही केली आणि पाकीट फोडलं. कार्यालयीन कामकाजाची निकड विचारात घेता माझी विनंती तूर्तास मान्य करता येत नव्हती. खाली सही होती. चांगली चाललेली, एकही वळण न चुकलेली माझीच सही.

मी बेल वाजवली, काका आले, मी ओरडलो. लिपिकाला बोलावलं, त्याच्यावरही ओरडलो. तो बिचारा म्हणाला, "साहेब, जुन्या फायलीत समदीकडं असंच हाय की." फायलीही माझ्याच होत्या.

सगळे बाहेर गेल्यावर मॅडम आल्या. त्यांच्या हातातही तसंच पाकीट होतं.

"सर, तुमचं परत करता येईल हो, तुमी हितंच हाय," त्या म्हणाल्या. "माझी मुलाखत परवा हाय."

त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. पाकीट टेबलावर ठेवून ते सरळ करत राहिल्या. मला स्वतःची इतकी चीड आली की मी उठून उभा राहिलो. पाणी म्हणजे गाव असं मला शिकवणाऱ्या मुलीला मी न वाचता नाही म्हणून बसलो होतो, आणि वर आशेसाठी तूर्तास जोडलं होतं.

मी दोन्ही पत्रं घेऊन कुलसचिवांकडे गेलो. ते मूळचे रसायनशास्त्राचे. त्यांनी आधी माझं पत्र वाचलं आणि मनापासून हसले. "सर, अहो तुमची विनंती तुम्हीच नाकारलीत. तुमच्या विभागाच्या अभिप्रायात मी कसा पडू?" मग मॅडमचं वाचलं आणि हसायचे थांबले. शुद्धिपत्रक काढता येईल, म्हणाले. चूक दुरुस्त केल्याचं पत्र. आमच्याकडे चूक कुणाचीच नसते, शुद्धिपत्रक मात्र असतं.

"पण हे बघा," ते म्हणाले, "तुम्ही वर्गावर निघालात, मॅडमची निवड झाली तर त्याही निघाल्या. आस्थापना कोण बघणार? तो पॅकिंगवाला? दोघांपैकी एकाचं बोला."

माझ्या तोंडाशी 'माझं' आलं होतं. अगदी ओठांवर. सहा वर्षं होत आली होती, निवृत्तीला फार उरलेली नव्हती, आणि मला मान्सून शिकवायचा होता. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलून सगळा प्यायलो. तो कुलसचिवांचा होता.

"मॅडमचं," मी म्हणालो.

"विचार करा. मीही इथं पंधरा दिवसांसाठीच आलो होतो," ते म्हणाले. किती वर्षांपूर्वी, ते त्यांनी सांगितलं नाही.

शुद्धिपत्रकाबरोबर मला माझा अर्ज मागे घेत असल्याचं लिहून द्यावं लागलं. मॅडमना ते कळू द्यायचं नव्हतं. पण आस्थापनेत आलेला प्रत्येक कागद त्यांच्याच टेबलावर पहिला जातो. त्यांनी तो वाचला, त्यावर आवक शिक्का मारला आणि माझ्याकडे घेऊन आल्या.

"सर, हे कशाला?"

"तूर्तास," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं नाही, पण मुलाखत तोंडावर आली होती आणि सात रस्ता चौकात जाऊन प्रबंधाच्या प्रती काढायच्या होत्या. मी त्यांना अर्ध्या दिवसाची रजा दिली. त्या रजेचा अर्ज मात्र मी पूर्ण वाचला.

निवड झाली. त्यांचा कार्यमुक्तीचा आदेश मी स्वतः लिहिला आणि हजेरीपटावरून नाव कमी करताना त्याच्याआधी पेनानं डॉ. लिहिलं. कमी करायच्या नावाला अर्हता कोण विचारतो? त्यांनी मला एक वही दिली, कोणत्या कपाटात कोणती फाईल ते सगळं लिहिलेली. मी त्यांना भूगोल विभागातल्या नकाशांच्या कपाटाची किल्ली दिली. ती सहा वर्षं माझ्याच खिशात होती. विभागानं दुसरी करून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

त्यांच्या पहिल्या तासाला मी समोरच्या इमारतीत गेलो. हातात एक फाईल घेतली होती. हातात फाईल असली की आमच्याकडे कुठं निघालात असं कुणी विचारत नाही. दुसऱ्या मजल्यावर दाराबाहेर उभा राहिलो. आतून आवाज आला, "आपापलं गाव शोधा. पाण्यात असंल तर पाण्यात शोधा." पोरं हसली. मी आणखी थोडा वेळ थांबलो आणि सह्यांना परत आलो. मला आनंद झाला होता आणि हेवाही वाटत होता. दोन्ही खरं होतं.

आठ महिने गेले. मॅडमच्या जागेवर कुणी आलं नाही. वहीच्या आधारानं मी आणि पॅकिंगवाले गाडा ओढत होतो. एक दिवस कुलसचिवांनी मला बोलावलं. चेहरा खुलला होता.

"सर, तुमची सुटका केली. मला सुचलं कसं नाही इतके दिवस! भूगोलातल्या त्या नव्या मॅडम. त्यांना आस्थापनेचा अनुभव दांडगा आहे. आता शिक्षक आहेत, म्हणजे उपकुलसचिवाचा अतिरिक्त कार्यभार देता येतो. लिपिक होत्या तेव्हा देता येत नव्हता. नियमात बसतंय. तुम्ही वर्गावर जा, त्या इकडे येतील. पंधरा दिवसांसाठी."

वरिष्ठ सहायक असताना ज्या खुर्चीचं सगळं काम त्या करत होत्या, त्या खुर्चीत बसायला त्यांना आधी ते काम सोडून भूगोल शिकवायला जावं लागलं होतं. कारकुनानं साहेब व्हायचा रस्ता तो हाच असणार.

बातमी विद्यापीठात फायलीच्या आधी पोचते. संध्याकाळी मॅडम आल्या. बोटांना खडू होता, साडीच्या निऱ्यांवरही होता.

"सर, मी येते की परत. तुमी जावा वर्गावर. माझ्यापायी लई दिवस काढले तुमी हितं."

"आणि तुझा वर्ग?"

मॅडम म्हणायचं विसरलो होतो. त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या मान खाली घालून बोटांवरचा खडू पुसायला लागल्या.

"पंधरा दिवसाचंच हाय की सर."

"मलाही तसंच सांगितलं होतं," मी म्हणालो. त्यांना घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल आली. आस्थापना विभागाचा अभिप्राय हवा होता. टिपणीची पहिली ओळ माझीच असणार होती, आणि ती वर कुणी वाचणार नव्हतं. फक्त सहमत, सहमत, सहमत. मान्य म्हटलं की सोमवारी मी वर्गात. काकांनी सवयीनं कोपरा उचलला.

"काका, थांबा. पूर्ण पान दाखवा."

काकांना अपमान वाटला. त्यांनी पान माझ्यासमोर सपाट ठेवलं आणि एक पाऊल मागं सरकले. मी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे दिवे लागले होते, पहिला तास सुरू होत होता. मी पेन उघडलं आणि लिहिलं: सदर शिक्षिका वर्गावर आहेत. प्रस्ताव मान्य करता येत नाही.

सही केली. काकांनी मान वाकडी करून वाचलं.

"साहेब, तूर्तास राहिलं की."

"राहू द्या," मी म्हणालो आणि पुढची फाईल मागितली.